गाळाचा हिशेब

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांच्या मँचेस्टरमधल्या प्रयोगशाळेत १८८५ साली एक भरती आणि एक ओहोटी मिळून चाळीसेक सेकंदांत उरकत असे. मर्सी नदीच्या खाडीची प्रतिकृती त्यांनी एका पेटीत बसवली होती. खऱ्या एका मैलाला पेटीत दोन इंच, खऱ्या ऐंशी फूट खोलीला एक इंच. म्हणजे लांबी-रुंदी बत्तीस हजार पटींच्या आसपास आटवलेली आणि खोली फक्त ९६० पटींनी. खोलीलाही तेच माप लावलं असतं तर पाण्याचा थर मिलिमीटरभरही उरला नसता, पेटी नुसती ओली राहिली असती. तळाशी वाळू सपाट पसरायची, भरती-ओहोटी चालू करायची आणि बघत बसायचं. हजारो भरत्या होऊन गेल्यावर त्या सपाट वाळूत आपोआप पाट पडले, कुठे कुठे रेवा उठल्या, आणि त्यांची ठेवण खऱ्या मर्सीच्या नकाशाशी जुळू लागली.

त्या काळात मर्सीवरून जोरदार भांडण चाललं होतं. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना लिव्हरपूलच्या गोदीत पैसे मोजायचा कंटाळा आला होता. त्यांना समुद्रातून थेट आपल्या शहरापर्यंत जहाजं आणणारा कालवा हवा होता. लिव्हरपूलचं म्हणणं, खाडीत भिंती घालाल तर गाळ साचून आमच्या बंदराचं तोंड बुजेल. पार्लमेंटच्या समित्यांपुढे दोन्हीकडचे नामवंत इंजिनियर साक्षी देत होते आणि सगळे तितक्याच ठामपणे एकमेकांच्या उलट बोलत होते. शेवटी कालवा खाडीच्या मधून न नेता काठाकाठाने नेण्याचं ठरलं आणि १८८५ मध्ये कायदा झाला. पुढच्याच वर्षी व्हर्नन-हारकोर्ट या इंजिनियरांनी फ्रान्समधल्या सेन नदीच्या मुखाचं असंच छोटं मॉडेल केलं. बंदर बुजेल की नाही हे आधी करून बघता येईल, असं म्हणायची हिंमत या दोन पेट्यांपासून आली.

माझी सगळी नोकरी या हिमतीवर चालली. गणितात एम.एस्सी. करून मी खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात लागले, आधी हँगर म्हणजे मोठ्या शेडमध्ये खऱ्या पाण्याच्या मॉडेलवर आणि नंतर संगणकावर. बंदर बुजणं म्हणजे काय हे मला तिथे जाऊन शिकावं लागलं नाही. माझं माहेर चौलचं. टॉलेमीच्या भूगोलात ज्याचं नाव आहे ते बंदर आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत हरवलेलं आहे. सोपाऱ्याचंही तेच झालं. कोकण किनाऱ्यावर जुनी बंदरं शोधायची तर पाण्यापासून आत चालत जावं लागतं.

पुण्याचं आणि या विद्येचं नातं जुनं आहे. १९१६ साली मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या अडचणी सोडवायला पुण्यात एक लहानसा विभाग काढला. तो पुढे खडकवासल्याच्या धरणाखाली मुठेच्या काठी गेला आणि १९३६ मध्ये केंद्र सरकारकडे आला. आजचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र ते हेच. समुद्राचा अभ्यास समुद्रापासून इतक्या आत, घाटावर का, असं पाहुणे हमखास विचारतात. कारण सुरुवात समुद्रापासून झालीच नव्हती, कालव्यांपासून झाली. सर क्लॉड इंग्लिस १९०६ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले आणि पुढची चार दशकं कालव्यांच्या आणि नद्यांच्या गाळाशी झटापट करत राहिले. कालवा कुठे भरतो, कुठे खरवडतो, नदीच्या कुठल्या वळणावर तोंड काढलं तर गाळ कमी आत येतो, हे प्रश्न. खडकवासल्यातल्या मॉडेलांवर आधारलेलं त्यांचं जाडजूड पुस्तक पुण्याहून १९४९ मध्ये निघालं. तोवर ते इंग्लंडला परतले होते आणि तिथल्या सरकारने १९४७ मध्ये काढलेल्या जलसंशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले होते.

तिथे त्यांच्यापुढे थेम्स आली. लंडनच्या गोद्यांच्या वाटेत चिखल साचायचा. तो उपसून बार्जमध्ये भरायचा, खाडीच्या तोंडाशी नेऊन टाकायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच उपसायचा. ओहोटीबरोबर चिखल समुद्रात जातो, ही सगळ्यांची समजूत होती आणि वरून पाहिलं तर ती पटण्यासारखीही होती. इंग्लिस आणि त्यांचे सहकारी अ‍ॅलन यांनी मॉडेलमध्ये नुसतं पाणी न घेता खारं आणि गोडं पाणी वेगळं घेतलं. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वरून बाहेर जातं. समुद्राचं खारं पाणी जड, ते तळाने आत सरकतं. आणि चिखल असतो तळाशी. एकेका भरतीत हा फरक थोडाच पडतो, पण वर्षभराचा हिशेब केला तर तळाचं पाणी चिखलाला हळूहळू वरच्या अंगाला, नेमकं गोद्यांकडे नेत होतं. बाहेर टाकलेला चिखल परत येत होता. त्यांचा निबंध १९५७ मध्ये छापून आला, आणि पुढे लंडनच्या बंदरवाल्यांनी चिखल खाडीत टाकायचं सोडून तो काठावरच्या जमिनीवर नेऊन सोडायला सुरुवात केली.

मला हा निबंध या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यातलं गणित फार अवघड नाही. पण वरचं पाणी बघून खालच्या गाळाबद्दल बोलू नका, हे तिथे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. पुढे मी जे जे पाहिलं त्यात पाणी लवकर हिशेबात आलं, गाळ मात्र दर वेळी एक पिढी मागे राहिला.

वाळूचं त्या मानाने बरं असतं. वाळू किनाऱ्याने सरकते, लाटा तिरप्या आल्या की पुढे पुढे जाते, आणि तिच्या वाटेत भिंत घातली की एका बाजूला साचते, दुसऱ्या बाजूला तुटते. मद्रासला १८७६ मध्ये बंदराच्या भिंती घालायला घेतल्या आणि हे सगळं उघड्यावर घडलं. दक्षिणेकडून येणारी वाळू भिंतीशी अडली. आज लोक जिथे संध्याकाळी भेळ खात फिरतात त्या मरीना बीचची रुंदी बरीचशी त्या अडलेल्या वाळूची आहे. उत्तरेला रोयापुरमच्या बाजूला समुद्र जमीन खात गेला. बंदराचं पूर्वेकडचं तोंडही वाळूने धरलं, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बंद करून ईशान्येला नवं काढावं लागलं. हा प्रकार इतका सरळ आहे की पेल्नार-कॉन्सिदेर या फ्रेंच इंजिनियराने १९५६ मध्ये अख्खा किनारा एकच रेघ मानून, ती रेघ वर्षागणिक कशी पुढे-मागे सरेल याचं समीकरण मांडलं. किनाऱ्याची अनेक संगणक मॉडेलं आजही त्या एका रेघेवर चालतात.

गाळाची रेघ काढता येत नाही. खडकवासल्याच्या हँगरमधलं मुंबई बंदराचं मॉडेल ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. सिमेंटचा तळ, आरमारी नकाशावरून खोल्या घेऊन, पट्ट्या कापून, त्यांच्यामध्ये भर घालून घोटलेला. कुलाब्याचं टोक इकडे, ठाण्याची खाडी तिकडे. घारापुरी पाऊल टाकून ओलांडायची. एका टोकाला भरती-ओहोटी देणारं यंत्र, जागोजागी पाण्याची पातळी मोजायचे पॉइंट गेज. त्यांची टोकदार सुई पाण्याला टेकताना पाण्यात तिचं प्रतिबिंब वर येऊन तिला भेटतं, तेव्हा आकडा वाचायचा. प्रवाह बघायला कागदाचे बारीक तुकडे पाण्यावर सोडायचे आणि वरून कॅमेऱ्याचं झाकण थोडा वेळ उघडं ठेवायचं. फोटोत प्रत्येक तुकड्याची एक रेघ उमटते, रेघ लांब तर प्रवाह जोराचा. न्हावा-शेवाचं बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं, पण त्याचे धक्के आणि जहाजांची वाट खडकवासल्यात त्याआधीच अनेकदा भरली-ओसरली होती.

पाण्यासाठी हे मॉडेल उत्तम होतं. धक्का इकडे घेतला तर प्रवाह जहाजाला आडवा लागेल का, हे ते बिनचूक सांगायचं. पण त्याचा तळ सिमेंटचा. गाळ कुठे बसेल हे विचारायचं तर काहीतरी हलकं घालावं लागे: कोळशाची भुकटी, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, असं जगभर वापरतात तसलं काही. खरा चिखल घालून चालत नाही. माप आटवताना खाडी लहान करता येते, पाणीही उथळ करता येतं, पण चिखलाचा कण मुळातच इतका बारीक असतो की त्याला आणखी लहान करायला जागा नाही.

इथे थोडी आकडेमोड करते, कारण सगळा गुंता तीत आहे. दोन दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला दोन सेंटिमीटरच्या आसपास खाली जातो. दहा मीटर खोल पाण्यात तो आठ-नऊ मिनिटांत तळाला लागतो. चिकणमातीचा चार हजारांश मिलिमीटरचा सुटा कण तेच दहा मीटर उतरायला आठवडाभर घेतो. आठवड्यात चौदाएक भरत्या होतात, म्हणजे असा कण मुंबई बंदरात कधी बसायलाच नको. पण बसतो, आणि भरपूर बसतो. खाऱ्या पाण्यात हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि गुठळी जड झाल्यामुळे लवकर उतरते. समजा ती सेकंदाला अर्धा मिलिमीटर उतरली, तर दहा मीटरला साडेपाच तास लागले. एक ओहोटी साधारण सहा तासांची. म्हणजे गुठळी या ओहोटीला बसेल की पुढची भरती तिला पुन्हा उचलेल, हे अगदी काठावर येऊन ठरतं. गुठळी थोडी मोठी झाली की वाट बुजते, थोडी फुटली की गाळ बाहेर जातो. आणि गुठळीचा आकार पाण्याच्या खळबळीवर, क्षारावर, चिखलातल्या सेंद्रिय चिकट्यावर अवलंबून.

या गुठळ्यांचा नियम सापडला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या चिखलात. तिथेही आधी पाण्याचं मॉडेल झालंच होतं. जॉन रेबर नावाच्या एका नाटकवाल्या माणसाने अख्खा उपसागर धरणं घालून अडवायची योजना काढली होती आणि ती लोकांनी बरीच मनावर घेतली होती. म्हणून अमेरिकी लष्कराच्या इंजिनियर खात्याने १९५७ मध्ये सॉसालिटोला दीड एकरभर मॉडेल बांधलं, ज्यात समुद्राचा एक दिवस पंधराएक मिनिटांत जातो. तळाशी अडीच लाख तांब्याच्या पट्ट्या खोवल्या, पाण्याला खऱ्याइतकं घर्षण व्हावं म्हणून. रेबरची योजना त्यात बुडाली. मॉडेल मात्र आजही आहे, शाळेची मुलं बघायला जातात.

त्याच उपसागराचा चिखल बर्कलीच्या विद्यापीठात रे क्रोन यांनी लांब नाळीत फिरवला. तळाशी पाण्याचं घासणं एका मर्यादेखाली गेलं तरच चिखल बसतो, हे त्यांनी १९६२ मध्ये दाखवलं. पार्थेनियादिस यांनी तिथल्याच चिखलावर उलटा प्रश्न विचारला आणि १९६५ मध्ये छापलं: बसलेला चिखल उठायला त्याहून बराच जास्त जोर लागतो. एक आकडा बसण्याचा, एक उठण्याचा. जगातल्या गाळाच्या बहुतेक संगणक मॉडेलांत आजही या दोघांची सूत्रं आहेत. पुढे काहींनी हरकत घेतली की गाळ बसायचा कधी थांबतच नाही, फक्त उठणं त्याला झाकून टाकतं, आणि ती मला पटते. पण सूत्रं टिकली, कारण ती लिहायला एकेक ओळ पुरते.

वाळूसाठी असा आकडा आधीच होता. अ‍ॅल्बर्ट शील्ड्स या अमेरिकन तरुणाने १९३६ मध्ये बर्लिनमध्ये डॉक्टरेट करताना ग्रॅनाइट, बॅराइट, लिग्नाइट, एवढंच काय अंबरचेही कण पाण्याखाली ठेवून कुठला कधी हलतो ते बघितलं. त्याचा आलेख जलविज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात असतो. तो स्वतः मायदेशी परतल्यावर पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात गेला आणि या विषयाकडे परत आला नाही. मला कधी कधी त्याचा हेवा वाटतो.

आता संगणक. खरं तर समुद्राचा हिशेब यंत्राने करण्यात हिंदुस्थान फार आधी होता, तेही गोऱ्यांच्या सोयीसाठी. लॉर्ड केल्व्हिनच्या कल्पनेवरून एडवर्ड रॉबर्ट्स याने १८७९ मध्ये खास इथल्या बंदरांसाठी लंडनमध्ये पितळी चाकांचं एक यंत्र केलं. चंद्राचा, सूर्याचा, त्यांच्या फेऱ्यांचा वाटा एकेका चाकाला दिलेला, सगळ्यांवरून एक दोर फिरवलेला, आणि दोराच्या टोकाची लेखणी वर्षभराची भरती-ओहोटी कागदावर काढायची. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीची नोंद १८७८ पासून आहे. म्हणजे मुंबईचं पाणी उद्या किती वाजता किती चढेल हे जवळजवळ दीडशे वर्षांपासून छापून मिळतं. ते पाणी कुठून कुठे वाहील हे सांगायला मात्र १९५६ उजाडलं, जेव्हा हॅम्बुर्गचे वाल्टर हान्सेन यांनी उत्तर समुद्राचे चौकोन पाडून भरतीची समीकरणं यंत्रावर सोडवली.

चौकोनांची अडचण अशी की ते जितके लहान, तितकी घाई. दहा मीटर पाण्यात भरतीची लाट सेकंदाला दहाएक मीटर पळते. पन्नास मीटरचा चौकोन ती पाच सेकंदांत ओलांडते. साध्या पद्धतीने सोडवायचं तर तुमचा हिशेब पाच सेकंदांपेक्षा मोठं पाऊल टाकू शकत नाही, टाकलं तर आकडे फुगत जातात आणि खाडी हवेत उडते. एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत अशी अडीच लाख पावलं, आणि प्रत्येक पावलाला हजारो चौकोन. यान लेंडर्तसे या डच माणसाने अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनमध्ये बसून १९६७ मध्ये यावर तोड काढली: अर्ध्या पावलाला सगळ्या आडव्या ओळी सोडवायच्या, उरलेल्या अर्ध्याला उभ्या. पाऊल कितीतरी लांब टाकता येऊ लागलं. मी फोर्ट्रानमध्ये पहिल्यांदा जे लिहिलं ते याच पद्धतीचं होतं. तेव्हा उत्तर पडद्यावर येत नसे. घडीच्या कागदाची थप्पी यायची, तिच्यावर आकड्यांचेच नकाशे, आणि आम्ही रंगीत पेन्सिलींनी त्यावर सारख्या वेगाच्या रेघा काढायचो. निळी पेन्सिल लवकर झिजायची, कारण मुंबई बंदरात संथ पाण्याच्या जागा पुष्कळ.

पाण्याचं गणित जमल्यावर त्यावर गाळ बसवायचा. अरियथुराई आणि क्रोन यांनी १९७६ मध्ये ते व्यवस्थित करून दाखवलं: पाण्याचा वेग घ्या, तळाचं घासणं काढा, क्रोनच्या आकड्याखाली असेल तर गाळ बसवा, पार्थेनियादिसच्या वर असेल तर उठवा, मधे असेल तर नुसता वाहू द्या. ऐकायला सोपं. पण ही मॉडेलं वरपासून तळापर्यंतच्या पाण्याला एकच वेग देत, सरासरीचा. थेम्समध्ये इंग्लिसनी जे दाखवलं होतं तेच नेमकं या सरासरीत पुसलं जात होतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं होतं, पटलं ते करंज्याच्या एका तांडेलांकडून. आम्ही बंदरात नांगर टाकून मोजमापाला बसलो होतो. असं बसणं म्हणजे तेरा तास, एक अख्खी भरती आणि अख्खी ओहोटी. दर अर्ध्या तासाला तीन बाटल्या: वरची, मधली, तळची. झाकणाला दोरी लावलेली, ठरल्या खोलीवर दोरीला झटका दिला की झाकण उघडतं आणि पाणी आत शिरतं. वरच्या बाटलीतलं पाणी खाडीसारखं मळकट. तळची बाटली उधाणाच्या दिवशी वर आली की पाणी म्हणावं की सारवण, असा प्रश्न. प्रत्येक बाटलीवर वेळ आणि खोली लिहायची, मग पुण्याला नेऊन गाळणकागदावर गाळायची, कागद भट्टीत वाळवायचा, वजन करायचं. भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या दिवसांत हेच पाणी इतकं निवळ की आधीच्या आठवड्याच्या आकड्यांवर विश्वास बसू नये.

त्या दिवशी ओहोटी संपत आली होती. आमचा तरंगता खुणेचा डबा अजून बाहेरच चालला होता, म्हणून मी वहीत ‘ओहोटी’ लिहिलं. तांडेल जवळच्या डोलीकडे बघत होते. डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं, प्रवाहाला तोंड करून उभं राहणारं. म्हणाले, “बाय, वरचं पानी अजून जातंय, पन खालचं फिरलं. डोल बघ.” जाळ्याचे दोर खरंच सैल पडले होते आणि वरचा तरंगता बुजा दुसरीकडे कलत होता. दहा-पंधरा मिनिटांनी आमचा डबा थांबला. तळाशी घर्षण जास्त, तिथलं पाणी मंद, म्हणून भरतीचा जोर उलटताना ते आधी वळतं. कोळ्यांना हे डोल कधी उचलायची यासाठी माहीत असावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या जाळ्याने तळाचा प्रवाह मोजलेला आहे, फक्त तो कोणी लिहून ठेवला नाही.

पाण्याचे थर वेगवेगळे सोडवणारी मॉडेलं नंतर आली, डच लोकांनी केलेलं डेल्फ्ट-थ्रीडी, डॅनिश लोकांचं माइक, फ्रेंचांचं टेलेमॅक. डेल्फ्टवाल्यांनी आपलं मॉडेल २०११ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. आज कोकणातल्या इंजिनियरिंग कॉलेजातलं पोर आपल्या लॅपटॉपवर दाभोळच्या खाडीत भरती सोडू शकतं, आणि रंगीत चित्र इतकं देखणं येतं की बघणाऱ्याला खाडीच दिसल्यासारखी वाटते. माझा राग या चित्रांवर नाही. पण लाल रंग जिथे दिसतो तिथे गाळ साचणार, हे सांगणारं पोर गुठळी सेकंदाला किती मिलिमीटर उतरते हा आकडा कुठून आणला म्हणून विचारलं की गप्प होतं. बहुतेक वेळा तो दुसऱ्या कुठल्या तरी खाडीच्या निबंधातून आलेला असतो. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक घातला तर साचणारा गाळ दुपटीच्या जवळ जातो.

तो आकडा जागेवरच काढायचा असतो. इंग्लिस यांच्या त्याच जलसंशोधन संस्थेत, वॉलिंगफर्डला, ओवेन यांनी सत्तरच्या दशकात त्यासाठी एक नळी केली, मीटरभर लांब. ती पाण्यात आडवी सोडायची, दोन्ही टोकं उघडी, प्रवाह आरपार. मग दोन्ही टोकं बंद करून वर घ्यायची आणि लगेच उभी करायची. उभी केल्या क्षणापासून घड्याळ. खालच्या तोटीतून ठरल्या मिनिटांना थोडं थोडं पाणी काढायचं आणि प्रत्येक बाटलीत किती गाळ उतरला ते तोलायचं. हे सगळं हलत्या बोटीवर, कारण किनाऱ्यावर नेईपर्यंत गुठळ्या फुटतात किंवा नव्या बनतात. ऊन, डिझेलचा वास, आणि नळी सरळ धरून उभं राहणारा एक माणूस, ज्याला या काळात शिंकही येता कामा नये.

एकदा एका बंदराच्या बैठकीत मी म्हटलं की वर्षाला अमुक ते तमुक लाख घनमीटर गाळ येईल. दोन आकड्यांत दुपटीचा फरक होता. समोरचे साहेब म्हणाले, “बाई, टेंडरमध्ये एकच रकाना आहे.” त्यांचंही चुकत नव्हतं. आम्ही मधला आकडा लिहिला. उपसा झाल्यावर ठेकेदाराने मोजलं ते ड्रेजरच्या पोटात, आणि आम्ही सांगितलं होतं ते तळावर बसलेल्या गाळाचं. तळावरचा एक घनमीटर उपसताना पाणी मिसळून ड्रेजरमध्ये बराच जास्त भरतो. मग वाद, पत्रव्यवहार, आणि कोरड्या वजनाचा तिसरा हिशेब.

यावर कडी म्हणजे तळ कुठे आहे हेच नक्की नसतं. ओला, नुकता बसलेला चिखल पाण्याहून थोडाच जड असतो, तो वाहतोही. खोली मोजायच्या यंत्राने दोनशे किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज सोडला तर तो या पातळ चिखलाच्या वरच्या अंगावरून परत येतो. तीसेक किलोहर्ट्झचा सोडला तर तो चिखलातून जाऊन खालच्या घट्ट थराला लागतो. कागदावर दोन रेघा येतात, त्यांच्यात कधी कधी मीटरभराहून जास्त अंतर. जहाज पातळ चिखलातून जाऊ शकतं, म्हणून रॉटरडॅमवाल्यांनी सत्तरच्या दशकात ठरवून टाकलं की जिथे घनता पाण्याच्या १.२ पट होते तो जहाजापुरता तळ, त्यावरचा चिखल हे पाणीच समजा. त्यांचा उपशाचा खर्च त्याने कमी झाला. आपल्याकडेही दोन्ही रेघा काढतात. मॉडेल चालू करायच्या आधी खोलीची फाइल भरावी लागते, आणि दोहोंतली कुठली रेघ तिच्यात गेली हे अहवालाच्या सुरुवातीच्या पानांत एका ओळीत लिहिलेलं असतं, किंवा नसतं. नोकरी संपली तरी असे अहवाल अजून माझ्याकडे येतात. रंगीत चित्रांची पानं उलटून मी आधी ती ओळ शोधते.